हरलं तर काय?

“हे हरले तर काय होणार?” बाबांनी विचारलं आणि आम्ही मायलेकी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

७ डिसेंबर २०२४, शनिवारची संध्याकाळ. शार्लटमध्ये अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या एसीसी (अटलांटिक कोस्ट) कॉन्फरन्सचा, म्हणजे संघांच्या एका गटाचा, अंतिम सामना सुरू व्हायचा होता. एका बाजूला क्लेमसन, दुसऱ्या बाजूला आमच्या डॅलसची एसएमयू, म्हणजे सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी. माझी मुलगी तिथे तिसऱ्या वर्षाला. परीक्षा तोंडावर आलेली असूनही ती कॉपेलला घरी आली होती, कारण असली मॅच एकटीने बघवत नाही म्हणे. बाबा ऑक्टोबरपासून आमच्याकडेच होते. गळ्यात मफलर, पायात लोकरी मोजे, मांडीवर भडंगाची वाटी. अमेरिकन फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण जन्मभर क्रिकेट पाहिलेल्या माणसापुढे कुठलाही खेळ आला, की तो आधी एकच गोष्ट विचारतो: या सामन्यावर काय अवलंबून आहे?

“जिंकले तर कॉन्फरन्स चॅम्पियन, आजोबा. प्लेऑफमध्ये जागा पक्की, आणि पहिली फेरी न खेळता थेट पुढे.”

“आणि हरले तर?”

“तर समिती ठरवेल.”

“म्हणजे बाहेर?”

“माहीत नाही.”

“अगं, फायनल ना ही? फायनल हरल्यावर काय होतं ते कुणालाच माहीत नाही?”

खरंच कुणाला माहीत नव्हतं. गेलं वर्षभर हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत त्या वर्षी १३४ संघ होते आणि मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १२ सामने. रोज उठून खेळावा असा हा खेळच नाही. शनिवारी आदळलेलं अंग सावरायला आठवडा लागतो. त्यामुळे बहुतेक संघ एकमेकांशी कधी भिडतच नाहीत. संघ कॉन्फरन्समध्ये वाटलेले असतात, पण टेलिव्हिजनच्या पैशापायी कॉन्फरन्सही इतक्या फुगल्या आहेत की एसीसीत १७ आणि बिग टेनमध्ये १८ संघ झाले. एसीसी ही मुळात अटलांटिक किनाऱ्यावरची. २०२४मध्ये तिच्यात डॅलसही आलं आणि कॅलिफोर्नियातली दोन विद्यापीठंही. एसएमयूने पहिल्याच वर्षी कॉन्फरन्समधले आठच्या आठ सामने जिंकले. क्लेमसनशी मात्र गाठ पडलीच नव्हती. गुणतक्त्यात पहिलं कोण यात काडीचा वाद नसताना, अंतिम सामना खेळायचा होता.

त्याच वर्षी राष्ट्रीय विजेता ठरवणारा प्लेऑफ चारऐवजी बारा संघांचा झाला. पाच जागा कॉन्फरन्स विजेत्यांच्या. निवड समितीच्या क्रमवारीत जे पाच विजेते सगळ्यांत वर असतील त्यांच्या. बाकीच्या सात जागा समितीच्या हातात. तेरा माणसं: विद्यापीठांचे क्रीडा संचालक, जुने प्रशिक्षक, जुने खेळाडू. आपल्या विद्यापीठाचा विषय निघाला की त्या सभासदाने खोलीबाहेर जायचं, इतपत शिस्त आहे. निकष लिहिलेले आहेत: प्रतिस्पर्धी किती तगडे होते, समोरासमोर कोण जिंकलं, कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं का. पण कुठल्या निकषाला किती वजन, हे कुठेही लिहिलेलं नाही.

ही तेरा माणसं बसतात आमच्या घरापासून गाडीने दहा-बारा मिनिटांवर, ग्रेपवाइनच्या गेलर्ड टेक्सन हॉटेलात. डॅलस-फोर्ट वर्थकडचे मराठी लोक हे हॉटेल ओळखतात ते नाताळातल्या बर्फाच्या प्रदर्शनामुळे. शून्याच्या कितीतरी खाली ठेवलेल्या दालनात रंगीत बर्फाचे पुतळे मांडलेले असतात, आणि दारातच प्रत्येकाला घोट्यापर्यंत लोंबणारा निळा जाड कोट देतात. भारतातून कुणी आलं की आम्ही न चुकता घेऊन जातो. त्या शनिवारी सकाळी बाबांनाही नेलं होतं. निळ्या कोटात ते बर्फाच्या घसरगुंडीशी उभे राहून फोटो काढून घेत होते, आणि त्याच इमारतीत कुठेतरी टीव्हींच्या रांगेसमोर ती माणसं दिवसभराचे सामने बघायला बसली होती. मुलीने मला कोपराने ढोसून वर बोट दाखवलं. “आई, तिकडे आहेत ते.” एखाद्या देवस्थानाच्या आवारात गाभाऱ्याकडे बोट दाखवावं तसं.

संध्याकाळी सामना सुरू झाला तोच वाईट. पहिल्याच चढाईत एसएमयूच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या केव्हिन जेनिंग्जच्या हातून चेंडू निसटला. बघता बघता ३१-१४ झालं. मुलगी सोफ्यावरून खाली गालिच्यावर आली, गुडघे पोटाशी घेऊन. शेवटच्या पावतासात मात्र अंगावर काटा यावा असा खेळ झाला. एकेक यार्ड ओरबाडत एसएमयू वर आली आणि १६ सेकंद उरले असताना ३१-३१. बाबांच्या मांडीवरची वाटी केव्हाच टीपॉयवर गेली होती. नियम कळत नसले तरी सतरा गुण मागून येणारा संघ त्यांना बरोबर कळत होता.

मग क्लेमसनने चेंडू परत मैदानाच्या मध्यावर आणला, एक पास घेतला, आणि नोलन हाउझर नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा ५६ यार्डांवरून किक मारायला उभा राहिला. छप्पन्न यार्ड म्हणजे एक्कावन्न मीटर. याला फुटबॉल का म्हणतात असं बाबा संध्याकाळभर विचारत होते. निकाल पायानेच लागला. ३४-३१. मुलगी काही बोलली नाही. टीव्हीवर समालोचकांनी श्वास घेतला आणि लगेच चर्चा सुरू केली: आता एसएमयूचं काय?

तिथे मला पहिल्यांदा खटकलं. मैदानावर पोरं गुडघ्यांवर बसून रडत होती. आपण हरलो एवढंच त्यांना कळलं होतं. त्या हरण्याची किंमत काय, हे त्यांना दुसऱ्या दिवशी हॉटेलातून कळायचं होतं.

हिशेब असा होता. सामन्याआधी एसएमयू आठवी, ११ जिंकलेले आणि एक हरलेला. शिवाय क्लेमसन सतराव्या क्रमांकावरून उडी मारून विजेत्याच्या हक्काने आत आली होती, म्हणजे एक जागा कमी झाली. उरलेल्या शेवटच्या जागेसाठी एसएमयू आणि अलाबामा. अलाबामा तीन सामने हरलेली होती. त्यात वँडरबिल्टकडून हार, आणि ओक्लाहोमाकडून तर २४-३. पण ती त्या शनिवारी घरी बसली होती. एसएमयू अंतिम सामन्यात पोचलीच नसती, तर तिची जागा जवळजवळ पक्की होती. पहिली आल्याची शिक्षा म्हणून तिला आणखी एक सामना खेळावा लागला आणि तोच तिच्या मुळावर यायची वेळ आली.

रविवारी सकाळी अकराला यादी आली. अकरावं मानांकन: एसएमयू. मुलगी अशी किंचाळली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मीही उड्या मारल्या. बाबा मात्र चहाचा कप हातात घेऊन शांतपणे म्हणाले, “छान झालं. पण मग कालची मॅच खेळली कशाला?”

त्यांचा मुद्दा सगळ्यांच्या आनंदात वाहून गेला. पण तो बरोबर होता, आणि तो एसएमयूच्या विरुद्धही नव्हता. बाबा पुढे म्हणाले, “आयपीएलमध्येसुद्धा पहिला क्वालिफायर हरणाऱ्याला दुसरी संधी असते. असूदे ना. पण ते आधी लिहिलेलं असतं. हरणाऱ्याला ठाऊक असतं की आपण परवा पुन्हा खेळणार.” हरणाऱ्याला काढा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. हरण्याचा अर्थ हरण्याआधी सांगा, एवढंच.

यात त्यांचं स्वतःचं एक जुनं दुखणं आहे, ते मला लहानपणापासून माहीत आहे. बाबा दादरचे. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर हे त्यांच्या तरुणपणातलं दैवत. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. प्रथम श्रेणीत एकूण ५८९ बळी. कसोटी सामने शून्य. भारताच्या संघात डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदीची. बेदी मोठा होता हे बाबा कधीच नाकारत नाहीत. बेदीची गोलंदाजी आठवूनसुद्धा त्यांचे डोळे चमकतात. त्यांना सलतं ते वेगळंच. “किती घेतले म्हणजे पुरेत, हे त्याला कुणी सांगितलंच नाही,” असं ते म्हणतात. आणखी पाच? आणखी पन्नास? मैदानावरचा माणूस आकडा वाढवत राहतो आणि खोलीतली माणसं तो आकडा कशाशी ताडून बघतात ते त्याला दिसत नाही. मार्च २०२५मध्ये शिवलकर गेले तेव्हा बाबांचा फोन आला. बराच वेळ त्यांनी फक्त चेपॉकच सांगितलं.

एसएमयू पुढे पेन स्टेटकडून ३८-१० हरली. लगेच लोक म्हणाले, बघा, लायकीच नव्हती. मला या म्हणण्याचा मनापासून राग आहे. त्याच दिवशी टेनेसी ओहायो स्टेटकडून ४२-१७ हरली. टेनेसीला आत का घेतलं म्हणून तिच्यामागे कुणी हात धुऊन लागलं नाही. निवड योग्य होती की नाही हे नंतरच्या निकालावरून ठरवायचं, तर निवड हा शब्दच निरर्थक.

या अंतिम सामन्यांची सुरुवात तशी अलीकडची आहे. १९९२मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स बारा संघांची झाली, आणि तिचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी नियमातली एक सवलत हेरली: बारा संघ आणि दोन गट असतील, तर एक जादा सामना खेळता येतो. बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर अलाबामाने फ्लोरिडाला २८-२१ हरवलं. तेव्हाही लोक हेच म्हणत होते की अपराजित संघाला उगाच जादा संकटात ढकलताय. अलाबामा जिंकली आणि नंतर राष्ट्रीय विजेतीही झाली, त्यामुळे ती शंका झाकली गेली. पण मिटली नाही. २००३मध्ये ओक्लाहोमा बिग ट्वेल्व्हच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ अशी सपाटून हरली आणि तरीही राष्ट्रीय अंतिम सामना खेळली. म्हणजे ३५-७ची किंमत शून्य.

दोन वर्षं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत, आणि माझं मन तिथेच अडकतं.

२०१४. ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी. तिसरा, कार्डेल जोन्स, आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळतोय आणि तो थेट कॉन्फरन्सचा अंतिम सामना. ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला ५९-० चिरडलं. समितीने पाचव्यावरून चौथ्या क्रमांकावर उचलून त्यांना प्लेऑफमध्ये घेतलं. त्याच दिवशी टीसीयूने, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीने, आपला सामना ५५-३ जिंकला आणि ती तिसऱ्यावरून सहाव्यावर गेली, कारण तिच्या कॉन्फरन्सला तेव्हा अंतिम सामनाच नव्हता. ओहायो स्टेट पुढे राष्ट्रीय विजेती झाली.

२०२३. फ्लोरिडा स्टेट. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय नोव्हेंबरात मोडला. दुसऱ्याला डोक्याला मार. मग तिसरा, ब्रॉक ग्लेन, पहिल्या वर्षाचं पोर, एसीसीच्या अंतिम सामन्यात उभं राहिलं. आक्रमण अडखळलं, पण बचावाने जीव तोडून खेळून लुईव्हिलला १६-६ रोखलं. तेरापैकी तेरा सामने जिंकलेले, कॉन्फरन्स विजेते. प्लेऑफ सुरू झाल्यापासून मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता कधी वगळला गेला नव्हता. समितीने वगळला. ट्रॅव्हिस नाही, तर हा तोच संघ नाही, असं कारण देऊन. मोडक्या पायाच्या ट्रॅव्हिसने नंतर लिहिलं की माझा पाय मोसमात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं. मग हा संघ फक्त माझ्यावर उभा नाही हे तुम्हाला दिसलं असतं. तेवीस वर्षांच्या पोराने स्वतःचं हाड आधी मोडायला हवं होतं असं म्हणावं, यापेक्षा त्या खोलीतल्या निर्णयाबद्दल आणखी काय सांगू?

दोन्ही संघांकडे तिसरा क्वार्टरबॅक, दोघांनीही अंतिम सामना जिंकलेला. एकाला त्या सामन्याने दार उघडून दिलं, दुसऱ्याच्या तोंडावर ते लावून घेतलं. फरक गुणांचा होता म्हणाल, तर मग नियमात लिहा ना, की नुसतं जिंकणं पुरत नाही, चिरडावं लागतं.

आता दुसरी बाजू. या सामन्यांचं वजन कमी करा म्हणणाऱ्यांकडे सगळ्यांत सबळ पुरावा आहे तो शरीराचा. २०२४मध्ये अटलांटात जॉर्जियाने टेक्सासला जादा वेळेत २२-१९ हरवलं. पहिला अर्धा संपता संपता क्वार्टरबॅक कार्सन बेकचा चेंडू फेकायचा हात कोपरात दुखावला. शेवटी बदली क्वार्टरबॅकचं हेल्मेट उडाल्यामुळे त्याला एका खेळीपुरतं बाहेर जावं लागलं, तेव्हा लोंबता हात घेऊन बेक पुन्हा मैदानात आला, चेंडू शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात दिला आणि गेला. ती खेळी मी कितीदा पाहिली असेल. एका आईला ती बघवत नाही. कॉन्फरन्स जिंकली, पहिल्या फेरीची सुट्टी मिळाली, पण बेक शस्त्रक्रियेला गेला आणि जॉर्जिया नोटर डेमकडून पहिलाच सामना हरली. त्या वर्षी सुट्टी मिळालेले चारही विजेते आपापला पहिला सामना हरले. आणि राष्ट्रीय विजेती कोण? ओहायो स्टेट, जी मिशिगनकडून १०-१३ हरल्यामुळे कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोचलीच नाही. तो शनिवार तिने घरी पाय वर करून काढला.

पुढच्या वर्षी नियम बदलला. सुट्टी आता विजेत्यांना राखीव नाही. क्रमवारीतले पहिले चार, मग ते विजेते असोत वा नसोत. म्हणजे विजेतेपदाच्या हातात जे थोडं होतं त्यातलंही निम्मं काढून घेतलं.

मग आला २०२५चा डिसेंबर. एकाच शनिवारी अलाबामा जॉर्जियाकडून २८-७ हरली आणि नवव्या क्रमांकावर होती तिथेच राहिली. बीवाययू, म्हणजे ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी, टेक्सास टेककडून ३४-७ हरली आणि अकराव्यावरून बाराव्यावर घसरली. नोटर डेम दहावी होती आणि मायामी बारावी. त्या दिवशी दोघी घरी होत्या. नोटर डेमला तर कॉन्फरन्सच नाही. पण बीवाययू मधून बाजूला झाल्यामुळे नोटर डेम आणि मायामी आता शेजारी आल्या, म्हणून त्यांची समोरासमोर तुलना केली, असं समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं. मायामीने ऑगस्टच्या अखेरीला नोटर डेमला २७-२४ हरवलेलं होतं. मायामी आत, नोटर डेम बाहेर. त्याआधीच्याच वर्षी तेव्हाच्या अध्यक्षांनी बजावलं होतं की जे संघ या शनिवारी खेळत नाहीत त्यांचा आपसातला क्रम बदलायला आमच्याकडे काही नवं कारण नाही.

ऑगस्टमधला निकाल नोव्हेंबरभर कुठे होता? तिसऱ्याच दोन संघांच्या सामन्यातून तो एकदम कसा उगवला? हे मला समजावून सांगणारा कुणी अजून भेटलेला नाही.

आता माझं म्हणणं सांगते. अंतिम सामन्याचा निवडीवर परिणाम व्हावा, जरूर व्हावा, पण तो फक्त एका प्रकारे व्हावा: जिंकणाऱ्याला हक्काची जागा. ती जागा मैदानावरच मिळते, तिला खोलीची परवानगी लागत नाही. बाकीच्यांची यादी मात्र त्याआधीच्या मंगळवारी, समितीची क्रमवारी येते तेव्हाच, बंद करावी, जाहीर करावी आणि पुन्हा उघडू नये. मग शार्लटला जाणाऱ्या पोराला विमानात बसण्याआधी माहीत असेल की आपण आत आहोत की नाही. हरलो तर चषक गेला, पण घरी बसलेला कुणी आपल्या डोक्यावरून आत जाणार नाही. आणि जो यादीबाहेर आहे त्यालाही माहीत असेल की आज जिंकलो तर दार उघडतं, दुसरी वाट नाही. बाबांच्या प्रश्नाला दोन्हीकडून एका वाक्यात उत्तर देता येईल.

यात तोटे आहेत. जागा पक्की असलेला प्रशिक्षक आपला दुखावलेला क्वार्टरबॅक बसवून ठेवील. ठेवूदे. बेकचा तो हात पाहिल्यापासून मला यात खेळाचा अपमान वाटत नाही. दुसरं, ड्यूकसारखं होईल. २०२५मध्ये ड्यूक पाच सामने हरूनही व्हर्जिनियाला जादा वेळेत हरवून एसीसीची विजेती झाली, आणि तरी प्लेऑफबाहेर राहिली, कारण टुलेन आणि जेम्स मॅडिसन हे लहान कॉन्फरन्सचे विजेते क्रमवारीत तिच्या वर होते. माझ्या मते हे बरोबरच झालं: नियम आधी लिहिलेला होता, ड्यूकला तो माहीत होता. उलट कुणाला वाटत असेल की मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता कधीच बाहेर राहू नये, तर तेही मला चालेल. फक्त मोसम सुरू होताना, ऑगस्टमध्ये लिहा.

तिसरा तोटा सगळ्यांत जड आहे आणि तो मी टाळणार नाही. माझा नियम असता तर मायामी बाहेर राहिली असती. तीच मायामी पुढे टेक्सास ए अँड एमला १०-३, ओहायो स्टेटला २४-१४, ओल मिसला ३१-२७ हरवून अंतिम सामन्यात पोचली आणि इंडियानाला २७-२१पर्यंत झुंजवून हरली. डिसेंबर-जानेवारीतले ते आठवडे फार सुंदर होते, आणि माझ्या मंगळवारच्या कुलपाने ते आपल्याला दिसलेच नसते. मी बराच विचार केला. पण मायामीवरचा खरा अन्याय मंगळवारीच झालेला होता: नोटर डेमला हरवूनही तिला दोन पायऱ्या खाली ठेवण्याचा. यादी बंद करायची आहे असं डोक्यावर असतं, तर ऑगस्टमधला तो निकाल वेळेवर बाहेर काढावा लागला असता. रविवारी दुरुस्त करता येईल अशी सोय असली की मंगळवारी माणूस सैल होतो. ऑफिसात रोज बघते मी हे.

आणि ती दुरुस्ती कुणाच्या तरी अंगावर पडतेच.

६ डिसेंबर २०२५ला, शनिवारी, पुण्याहून नणंद आणि तिचे यजमान आले होते म्हणून आम्ही पुन्हा गेलर्ड टेक्सनला गेलो. निळ्या कोटांच्या रांगेत आमच्या पुढे एक गृहस्थ होते, साठीच्या आसपासचे. डोक्यावर नोटर डेमची सोनेरी अक्षरांची टोपी, एका हाताला नात. मुलीने टोपी पाहून अभिनंदन केलं. सलग दहा सामने जिंकून, आठवड्यापूर्वी स्टॅनफर्डला ४९-२० हरवून त्यांचा मोसम संपला होता. त्यांना बरं वाटलं. वरच्या मजल्यावर समिती बसलीय हे त्यांना माहीत होतं, आणि गंमत म्हणून नातीला सांगून झालंही होतं. मुलीने विचारलं, आज टेन्शन आहे का?

“छे,” ते म्हणाले, “आज आमची मॅच नाही.” आणि खाली वाकून नातीच्या कोटाची चेन गळ्यापर्यंत वर ओढू लागले.